जिथं मुली देत नाहीत

पाण्याच्या पंपांच्या कंपनीनं त्या वर्षी डीलर लोकांना लक्षद्वीपला न्यायचं ठरवलं, तेव्हा बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या निम्म्या डीलरांची तोंडं उतरली. आदल्या वर्षी थायलंड झालं होतं. आणि या बेटांवर दारूबंदी आहे ही बातमी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेटांच्या फोटोंच्याही आधी पोचली. मला त्याचं काही नव्हतं. मी पीत नाही, आणि मला हिंडायची हौसही नाही. बारामतीत माझं मोटार रिवायंडिंगचं आणि पंपविक्रीचं दुकान आहे, घर जळोचीत आहे, आणि या दोन ठिकाणांमधलं अंतर मला आयुष्यभर पुरलं आहे. टूर लागली की मी दरवेळी काहीतरी कारण काढून टाळायचो. या वेळी टाळली नाही, कारण मला मुलीशी बोलायचं होतं.

मुलगी आठ महिने आमच्याकडं होती. इंदापूर तालुक्यात दिली होती, केळीच्या व्यापारातलं खातंपितं घर. एका दुपारी ती एसटीनं एकटीच आली आणि म्हणाली, तिथं मला श्वास घेता येत नाही. मी मिस्त्री माणूस. बिघाड कुठं आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, असं माझं मत. मारलं का? नाही. उपाशी ठेवलं का? नाही. जावयाला काही व्यसन? नाही. मग झालं काय? ती जे सांगायची ते मला फुटकळ वाटायचं. लग्नाआधी ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची, ते सोडायला लावलं. माहेरचा फोन आला की सासू शेजारी येऊन बसायची. दुपारी जरा डोळा लागला की कुणीतरी दार वाजवायचं. आणि जावईबापू हे सगळं बघून गप्प. मी म्हणायचो, अगं, संसार म्हटला की एवढं चालायचंच. ती माझ्याकडं बघायची आणि उठून आत जायची. मग माझा पारा चढायचा. माझ्या पाऱ्याला तसंही फार चढावं लागत नाही.

दुकानात कुणी विचारलं तर मी सांगायचो, चार दिवस आलीय आईला भेटायला. चार दिवसांचे आठ महिने झाले तरी माझं वाक्य तेच होतं. आमची गिऱ्हाइकं शेतकरी आहेत, खुळी नाहीत. ते नुसतं "व्हय का मिस्त्री" म्हणायचे आणि उघडून ठेवलेल्या मोटारीकडं बघायचे.

टूरच्या आधी सासरकडून निरोप आला. मशिदीच्या जमातीतली चार जाणती माणसं घेऊन रविवारी येतो, पोरीला पाठवून द्या. मी शब्द देऊन बसलो. मुलीला मात्र काही बोललो नाही. तो रविवार आम्ही बेटांवरून परतल्यावर चार-पाच दिवसांनी येत होता. कंपनीचे पास दोघांचे होते. बायकोचे गुडघे दुखतात, ती म्हणाली, "मला कुठं जहाजात चढवताय? पोरीला न्या. तिला जरा वारं लागंल." मी मनात म्हटलं, बरंच झालं. चार दिवस चहूकडं पाणी असेल, उठून आत जाता येणार नाही, तेव्हा तिला नीट समजावून सांगू.

पण कोचीहून जहाज निघालं आणि पहिला दीड दिवस मीच आडवा होतो. पोटात काही ठरेना. सबंध आयुष्य पाणी वर चढवण्यात गेलं आणि पाण्यानं असा सूड घेतला. मुलगी माझ्या उशाशी लिंबू आणि ओला रुमाल घेऊन बसून होती. आमच्यात भिगवणचा एक डीलर होता. तो उजनीच्या पाण्यावर होडीत वाढलेला, त्याला काहीच झालं नाही. तो दर तासाला येऊन आज जेवणात कुठला मासा आहे ते सांगायचा आणि मी भिंतीकडं तोंड करायचो. तो आला की मुलगी हसायची. आठ महिन्यांत तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

पहिलं बेट कल्पेनी. मोठं जहाज लांब उभं राहतं, तिथून छोट्या होडीत उतरून किनाऱ्यावर जायचं. मी डोळे मिटून उतरलो आणि उघडले तेव्हा होडीखालचा तळ दिसत होता. पांढरी वाळू, त्यावर आमच्या होडीची सावली, आणि पाणी नीळ टाकलेल्या बादलीतल्यासारखं. आमच्याकडं पाणी म्हणजे कालव्याचं गढूळ नाहीतर बोअरचं फेसाळ. पाणी एवढं स्वच्छ असू शकतं, हे मला साठीला आल्यावर कळलं. किनाऱ्यावर पुरुषांनी काठ्यांवर काठ्या वाजवत नाच केला. पाहुण्यांसाठीचा ठरलेला कार्यक्रम असणार, पण त्यातला एक म्हातारा असा रंगून नाचत होता की त्याला आमचं भानच नव्हतं. शहाळी दिली, माडाच्या नीरेची काकवी दिली. आम्ही उसाच्या मुलखातली माणसं, काकवीवर मत द्यायचा आमचा हक्कच. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली आणि मत राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कवरत्तीला एका जुन्या मशिदीत मी जुम्म्याची नमाज पढलो. छताच्या लाकडावर काय कोरीव काम होतं! माझ्या शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसाची भाषा मला येत नव्हती, त्याला माझी येत नव्हती, पण इमामांच्या मागं आम्ही दोघं एकाच वेळी वाकत होतो. बाहेर आल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला फार बरं वाटलं. घरापासून एवढ्या लांब, या सगळ्या बेटांवर, आपलीच माणसं आहेत, असं वाटलं. पुढं जे कळलं ते मी "त्यांचं वेगळं असेल" म्हणून झटकू शकलो नाही, ते या नमाजेमुळं.

शेवटचं बेट मिनिकॉय. गाइड आम्हाला गावातून घेऊन चालला होता. गल्ल्यांमध्ये पांढरी वाळू, ती रोज सकाळी झाडलेली, कागदाचा कपटा दिसेल तर शपथ. डोक्यावर रुमाल बांधलेल्या बायका दारात बसून गप्पा मारत होत्या. पुरुषांना बघून कुणी आवरून सावरून घेत नव्हतं, उलट आम्हीच चोरासारखे चालत होतो. बाकीचे पुढं गेले आणि मी एका घराशेजारच्या विहिरीपाशी थांबलो. विहीर दिसली आणि मी वाकून बघितलं नाही, असं कधी झालेलं नाही. आमच्याकडं विहिरीत वाकलं की टोपी सांभाळावी लागते, एवढी खोल. ही हात-दोन हात खाली. तिथं एक लांब दांडा, टोकाला डबा बांधलेला, आणि त्या पलीकडं अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार. मोटार नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती.

मोटारीला पहिला धक्का देणारा कंडेन्सर गेलेला. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. मोटारीशेजारी लुंगी नेसलेला सत्तरीचा एक माणूस डोकं खाजवत उभा होता. मी न विचारता पुढं झालो, काडी घेऊन मोटारीच्या मागच्या पंख्याला जोरात फिरकी दिली आणि मोटार सुरू झाली. म्हातारा खूश. त्यानं मला मिठीच मारली आणि मुंबईच्या हिंदीत विचारलं की आम्ही कुठले. तो चाळीस वर्षं जहाजांवर होता, कित्येकदा मुंबईच्या गोदीतून गेलेला. चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाला. मोटार त्यानं दहा मिनिटांतच बंद केली. मी म्हटलं, अहो, आता चाललीय तर भरून घ्या टाक्या. तो म्हणाला, एवढंच घ्यायचं. जास्त ओढलं तर खालून समुद्र वर येतो आणि सगळ्या गल्लीचं पाणी खारं होतं. अख्ख्या गावाला हे माहीत आहे आणि अख्खं गाव ते पाळतं. मी पाचशे फुटांखाली पंप सोडणारा माणूस. मी त्या विहिरीला मनातल्या मनात सलाम केला.

घर ऐसपैस होतं. ओसरीवर साखळ्यांना टांगलेला मोठा पलंग, त्यावर त्याची बायको बसली होती. केस सगळे पांढरे, पाठ ताठ. तिच्या आजूबाजूला तीन-चार बायका आणि त्यांची पोरं. माझी मुलगी एव्हाना मला शोधत आली होती. म्हातारीनं तिला हात धरून आपल्या शेजारी पलंगावर बसवून घेतलं. मी खुर्चीवर बसलो आणि शिष्टाचार म्हणून म्हातारबुवांना म्हटलं, घर छान बांधलंय तुम्ही.

तो हसायलाच लागला. हे घर त्याचं नव्हतं. बायकोचं होतं, तिच्या आईचं, आणि आईच्या आईचं. इथं लग्न झालं की मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो आणि त्या घराच्या नावानं ओळखला जातो. चाळीस वर्षं सुट्टीवर आला की तो बायकोच्या घरी येत होता. "हम तो यहाँ दामाद है," तो म्हणाला, आणि आतून कुणीतरी आणून दिलेला चहा त्यानं उठून आम्हाला दिला. मला हे चेष्टेत चाललंय असं वाटलं. घरजावई म्हणजे आमच्याकडं अर्धी शिवी. मी विचारलं, मग भांडण झालं की? घर सोडून कोण जातं?

"मैं जाता, और कौन," तो म्हणाला. त्याच्या आईचं घर पुढच्या गल्लीत होतं, आता बहीण राहते. दोन दिवस तिथं जाऊन बसायचं. राग उतरला की इकडून जेवायला बोलावणं येतं. नाही आलं तर समजायचं अजून उतरलेला नाही. हे सांगताना त्याला काही कमीपणा वाटत होता असं नाही. त्याच्या बायकोला आम्ही कशाबद्दल बोलतोय ते कळलं असावं, ती पलंगावरून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. तोही हसला.

मग मी जे विचारलं ते आमच्याकडं कुठल्याही ओसरीवर, कुणीही, पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. मुली किती, आणि कुठं कुठं दिल्या? त्यानं बायकोला विचारून सांगितलं, चार. आणि समोर बसलेल्या बायकांकडं बोट केलं. एक, दोन, तीन. चौथी शाळेत शिकवते, येईल एवढ्यात. दिल्या म्हणजे कुणाला दिल्या, ते त्याच्या ध्यानात येईना. मुली कशाला कुणाला देईल माणूस? मुलगे जातात. मुली असतात.

म्हातारीनं माझ्या मुलीचा हात अजून सोडला नव्हता. तिनं नवऱ्याकरवी विचारलं, ही कुठल्या घरात राहते? मी तोंड उघडलं. माझं नेहमीचं वाक्य तयार होतं, सासरी असते, चार दिवस आलीय. पण त्याआधी मुलगीच बोलली. हिंदीत, सरळ, त्या म्हाताऱ्याकडं बघून.

"अभी तो कहीं नहीं. ससुराल में रहना नहीं, और अब्बा के यहाँ मेहमान हूँ."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता. नाव-गाव सांगावं तसं तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं ते बायकोला सांगितलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, मुलीकडं नाही, आणि एक प्रश्न विचारला. म्हाताऱ्याला तो सांगणं जड गेलं.

"ये पूछती है, इसकी माँ का घर गिर गया क्या?"

मी चहाचा कप खाली ठेवला. माझा पारा चढायला हवा होता, परक्या बाईनं असं विचारल्यावर चढायलाच हवा होता. पण मला लाज वाटली. नुसती लाज. जळोचीतलं आमचं घर पक्क्या स्लॅबचं आहे, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी मान हलवली आणि म्हणालो, नाही, उभं आहे. म्हातारी बरं म्हणाल्यासारखी मान हलवून मुलीच्या केसांवरून हात फिरवू लागली. गाइड हाका मारत आला तेव्हा आम्ही उठलो. निघताना म्हातारीनं मुलीला वाळवलेल्या माशाचा एक तुकडा केळीच्या पानात बांधून दिला. भिगवणच्या डीलरनं जहाजावर तो चाखला आणि जाहीर केलं, "मासा हाय चांगला, पर आपल्या उजनीच्या चिलापीची सर न्हाय." माझी मुलगी त्याच्याशी त्यावरून भांडली. तिला भांडताना बघून मला बरं वाटत होतं आणि ते कुणाला सांगावं कळत नव्हतं.

परतीच्या प्रवासात मी डेकवर तिच्याशेजारी बसलो. समजावून सांगायला म्हणून आणलेलं सगळं भाषण माझ्याकडं होतं तसंच होतं, फक्त मला त्याची सुरुवात आठवेना. शेवटी रविवारचं मी सांगून टाकलं.

"मी जाणार न्हाय म्हटलं तर?" तिनं विचारलं.

मी शब्द दिलाय, असं मी म्हणालो. जुन्या सवयीनं.

"तुमी दिलाय, अब्बा," ती म्हणाली.

रविवारी ते आले. जावई, त्याचे वडील आणि जमातीतली चार माणसं. मी रात्रभर ठरवत होतो आणि सकाळपर्यंत काहीही ठरलं नव्हतं, हे खरं सांगतो. बायकोनं चहा आणि खारी बिस्किटं आणून ठेवली आणि ती दाराशी बसली. त्यांच्यातले एक वयस्कर आबा बोलायला लागले. माणूस सज्जन. सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं असतं, दोघंही अजून लहान आहेत, आपण मोठ्यांनी सांभाळून घ्यायचं. प्रत्येक वाक्य माझंच होतं. आठ महिने मी हेच बोलत होतो आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला ते सहन होईना. शेवटी ते म्हणाले, मग मिस्त्री, पोरीला तयारी करायला सांगा.

मी मुलीला हाक मारली. ती आतून आली, हाताला कणीक होती. मी तिला विचारलं, "तुला काय करायचंय?"

हे एवढं साधं वाक्य मी आठ महिन्यांत तिला विचारलेलं नव्हतं. तिलाही ते नवीन असावं, कारण ती आधी माझ्याकडं बघत राहिली. मग जावयाकडं वळली.

"मला हितं राहायचंय. लॅबमधी परत जायचंय. तुमाला बोलायचं आसंल तर तुमी हितं या. एकटे या. मी बोलंन."

जावई टाइलकडं बघत होता. त्याचे वडील उठले. आबा म्हणाले, मिस्त्री, तुम्ही शब्द दिला होता. मी म्हणालो, "दिला हुता. चुकलं माझं. तो माझा न्हवता द्यायचा." कपाला हात न लावता सगळे निघून गेले. मुलगी आत गेली आणि तिनं परत कणीक मळायला घेतली. परातीचा आवाज बाहेर येत होता.

मी तिथंच बसून राहिलो. मला, खोटं कशाला बोलू, स्वतःचं कौतुक वाटत होतं. मोठं काम केल्यासारखे मी पाय पसरले आणि बायकोला बेटावरच्या गोष्टी सांगायला लागलो. त्या म्हाताऱ्याची, त्याच्या दामादकीची, भांडण झालं की तो कसा आईकडं जाऊन बसतो त्याची. बायको ऐकत होती. मी म्हणालो, आपल्याकडं असं असतं तर किती बरं झालं असतं.

"लग्नाला वरीस झालं हुतं तवा तुमी कालवणाचं ताट भिरकावलं हुतं," ती म्हणाली. "मी अंथुर्ण्याला आईकडं गेले हुते."

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं, ती गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना हसत सांगत आलोय. रुसून गेली आणि तीन दिवसांत आपल्या पायानं परत आली, माझ्याशिवाय करमेना म्हणून. मी तसंच हसून म्हणालो, आलीस की तिसऱ्या दिवशी.

"आले न्हाय. माझ्या अब्बांनी सायकलवर बशिवलं आन् आणून सोडलं. वाटंत मी दोनदा उतरले."

मी विचारलं, तुला यायचं नव्हतं?

"कुणी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. ती उठली आणि न प्यालेल्या चहाचे कप एकेक करून ट्रेमध्ये ठेवू लागली. उठून तिच्या हातातला ट्रे घ्यावा, हे सुचायलाही मला वेळ लागला.